सात, सात आणि सात लाख

२ जून
निवृत्तीनंतरचा पहिला सोमवार. उन्हाळी सुट्टी चालू, तरी साडेदहाला कान घंटेकडे. घंटा नाही. कुकरची शिट्टी झाली.

पेन्शनचं पत्र आलं. दरमहा सात हजार तीनशे पन्नास, आजन्म. ‘आजन्म’ तीनदा वाचलं. म्हणजे मी नव्वदीला पोचले तरी तेवढेच. चौदा वर्षं बिनपगारी शिकवलं. शाळेला अनुदान मिळालं तोवर जुनी पेन्शन बंद. तक्रार नाही, नुसतं लिहून ठेवते.

बहात्तर भागिले सहा, बारा. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांनी या सात हजारांना साडेतीन हजारांचंच सामान येईल. हाच नियम आठवीच्या पोरींना किती वेळा सांगितला. आज पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर घालून पाहिला. केवढा शांतपणे काम करतो हा आकडा. आवाज नाही, काही नाही.

एकरकमी एकवीस लाख वेगळे मिळाले. तेवढीच काय ती पुंजी.

९ जून
रमिला म्हणाली, “बाई, पाचशे वाढवा. जीपवाला बी वाढवून मागतो, तेल बी वाढलं.” पहाडातल्या गावाहून रोज येते. सकाळचे दोन तास. यांना उठवणं, आंघोळ, दाढी, अंगणात वीस फेऱ्या. तिच्याशिवाय माझ्याच्याने होणार नाही. वाढवले.

मेडिकलवर यांच्या कंपवाताच्या गोळ्यांची पट्टीही महाग झालेली. दुकानदार म्हणाला, मॅडम, कंपनीने वाढवली. रमिलाचं खरं, दुकानदाराचंही खरं. वाढत नाही ते फक्त माझं पत्र.

हे त्रेसष्टचे. अठ्ठावीस वर्षं शहादा–तोरणमाळ लाल बस चालवली. आज शर्टाचं वरचं बटण लावायला अकरा मिनिटं लागली. मी मदतीला गेले तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. मीच लावसू.” लावलं.

१५ जून
शेजारच्या खापर गावात मोहनलालजींकडे. कापडाचं दुकान. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या हाताखालून गेल्या, म्हणून खुर्ची, चहा, पंखा माझ्याकडे. पैशाचं विचारायचंय म्हटल्यावर नोकराला गिऱ्हाइकाकडे पाठवलं.

चाळीस वर्षांपासून शेअर आहेत त्यांच्याकडे. विकत नाहीत. म्हणाले, “मॅडम, भाव रोज बघतो तो व्यापारी. मी मालक आहे. मी फक्त डिव्हिडंड बघतो.”

बोलता बोलता त्यांचा फोन वाजला. बँकेचा मेसेज. कुठल्याशा कंपनीचा डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, जमा. मला दाखवला. आम्ही इथे चहा पितोय आणि कुठेतरी कारखाना चालतोय, माल निघतोय, त्यातला तुकडा खापरच्या कापड दुकानात येऊन पडतोय. मी पाहतच राहिले.

विचारलं, सगळ्यात जास्त कोण देतं? एका खाणीच्या कंपनीचं नाव सांगितलं. वर्षाला भावाच्या नऊ टक्के. “महागाई वाढली की खनिजाचा भाव पण वाढतो. म्हणजे डिव्हिडंड पण.” पटलं. निघताना म्हणाले, “पण मॅडम, सगळं एकाच ठिकाणी नको.” हे वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवते, विसरायला नको.

२१ जून
तेजूचा कॅनडाहून फोन. ती तिकडे कॉम्प्युटरमध्ये, जावई निखिल एका गोदामाचा हिशेब बघतो. तिला एकवीस लाखांचं सांगितलं. म्हणाली, “आई, रुपया दरवर्षी घसरतो. बँकेत ठेवलंस तर घसरणाऱ्या पैशात घसरणारं व्याज घेशील. तू मला पाठव, मी तिप्पटमध्ये लावते.”

तिप्पट म्हणजे असा फंड की अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा बाजार दिवसात एक टक्का चढला तर हा तीन टक्के चढतो. उधारीच्या जोरावर. फंडच उधारी घेतो, आपण नाही. गेल्या दहा वर्षांचा आलेख तिने पाठवला. आलेख नव्हेच तो, भिंत. इतकी वर्षं फळ्यावर चक्रवाढ काढली, पण अशी जिवंत कधी पाहिली नव्हती.

“आणि उतरला तर?”
“तर तीन टक्के उतरतो. पण आई, शेवटी बाजार वरच जातो ना.”

यांना दाखवलं. फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले. “इतला चढ? मंग गाडी तापत नही का?” तेजू पलीकडून खो खो हसली. मीही.

२८ जून
ठरलं. सात लाख बँकेत मुदतीवर. सात मोहनलालजींच्या सांगण्याप्रमाणे डिव्हिडंडच्या शेअरमध्ये. सात तेजूकडे.

बँकेत वैशाली भेटली, माझीच विद्यार्थिनी, आता ऑफिसर. परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म. ‘उद्देश’ या रकान्यात तिने लिहिलं: जवळच्या नातेवाइकास भेट. मग पेन थांबवून विचारलं, “बाई, भेटच ना?” मी हो म्हटलं. खोटं बोलले असं वाटलं नाही. खरं बोलले असंही वाटलं नाही.

शेअरच्या सातात मोहनलालजींनी पाच कंपन्या लिहून दिल्या होत्या. मी पाच लाख एकट्या खाणीत टाकले. नऊ टक्के. बाकीच्या चार तीन-चार टक्क्यांच्या होत्या.

६ ऑगस्ट
पहिला डिव्हिडंड!!! खाणीचा. मेसेज आला तेव्हा मी भाजी निवडत होते. गवारीची शेंग हातात तशीच. यांना वाचून दाखवला. “काय काम कऱ्यं तू?” “काहीच नाही.” “मंग कसाले दिन्हात?”

त्यात यांच्यासाठी डोक्याकडून वर होणारी खाट आणली. आता उठवताना रमिलाच्या पाठीला झोका बसत नाही.

१४ ऑगस्ट
एक गोष्ट लक्षात आली. डिव्हिडंडचा हक्क ज्या दिवशी ठरला, त्याच दिवशी शेअरचा भाव जवळजवळ तितक्याच रुपयांनी खाली उघडला होता. जुने भाव काढून पाहिले. दरवेळी तसंच. म्हणजे माझ्याच शेअरमधून काढून माझ्याच खात्यात दिले की! वर त्यावर कर.

मोहनलालजींना फोन केला. हसले. “बरोबर आहे मॅडम. चांगली कंपनी ते परत भरून काढते. म्हणून कंपनी चांगली पाहिजे.”

चोरी नाही, लबाडी नाही. सगळं उघड्यावर, भावाच्या पाटीवर लिहिलेलं. मला दिसलं नव्हतं इतकंच.

२ ऑक्टोबर
तिप्पट सातावरून आठ लाख दहा हजार. तेजू आकडा रुपयांत करून पाठवते.
यांची गोळी दिवसाला चारवरून पाच.

१९ नोव्हेंबर
आठ चाळीस. मधे सात ऐंशीला गेलं होतं, परत आलं. मी आता रोज रात्री आठच्या सुमारास, पोळ्या करताना, फोन ओट्यावर टेकवून ठेवते. तिकडे सकाळ, बाजार उघडतो. रेषा थरथरत सुरू होते. कोण कुठली माणसं, लाखो, त्या क्षणी घेतायत, विकतायत, आणि ती सगळी थरथर अक्कलकुव्यात माझ्या पिठाच्या हाताशी. पोळी करपली. यांनी गुपचूप खाल्ली.

२१ डिसेंबर
तोरणमाळला जाऊन आलो. यांनी सहा महिन्यांत पहिल्यांदा काही मागितलं. “एक डाव घाट दखाड.” डिव्हिडंडचे होते, गाडी केली. रमिला सोबत.

म्हसावद सोडल्यावर बोलायला लागले. घाट लागला तसे डोळे मिटून घेतले. मला वाटलं त्रास होतोय. नाही. डोळे मिटून वळणं सांगत होते. “आते उजवी. लांब शे. आते डावी, आखूड. अठे पहिला गिअर.” ड्रायव्हर पोरसवदा, तो चकित. एकही वळण चुकलं नाही. उजवा हात मांडीवर, गिअर बदलल्यासारखा. आणि तो हात कापत नव्हता. मी पाहिलं. रमिलानेही पाहिलं. दोघी बोललो नाही, बोललं तर थांबेल असं वाटलं.

वर तलावाकाठी शाल गुंडाळून बसवलं. धुकं पाण्यावरून निघून जात होतं. हॉटेलवाल्याने ओळखलं. “पंडितभाऊ! तुमच्या गाडीतून माझी बायको बाळंतपणाला खाली गेली होती.” चहाचे पैसे घेतले नाहीत.

उतरताना हे झोपले. हात पुन्हा कापायला लागला.

४ फेब्रुवारी
नऊ लाख साठ. सगळ्यात वर. माझ्या पत्रातले सात हजार तीनशे पन्नास आता हसू येण्याजोगे.

तेजूने आज आनंदात सांगून टाकलं. तिने घराच्या पहिल्या हप्त्यासाठी साठवलेले पैसेही तिप्पटमध्ये टाकले. मागच्या आठवड्यात. “जूनमध्ये बुकिंग आहे आई, तोवर अजून वाढतील.”
“निखिलला विचारलंस?”
“त्याला सरप्राइज.”
सांगून टाक म्हणायला हवं होतं. पण मी काय बोलणार? मीही हे नऊ साठ वैशालीला सांगितलेलं नाही. मोहनलालजींनाही नाही.

३ मार्च
आठ लाख.

७ मार्च
सात वीस. तेजू म्हणते, खरेदीची संधी. घेण्यासाठी पैसे मात्र नाहीत तिच्याकडे.

११ मार्च
हे पडले. बाथरूमच्या उंबऱ्यावर. रमिला होती, तरी. उजवी मांडी. नंदुरबारला नेलं. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत करू. पैशाची तयारी

१२ मार्च
सकाळी बँक. तिप्पट विकावं तर पडलेलं, आणि पैसे तिकडून यायला किती दिवस लागतील माहीत नाही. शेअर विकावेत तर खाणही खाली. वैशाली म्हणाली, “बाई, मुदत मोडा. थोडं व्याज जाईल, बाकी काही नाही. अर्ध्या तासात खात्यात.” मोडली. तिन्ही सातांतली जी सगळ्यात कंटाळवाणी, जिच्याकडे नऊ महिने एकदाही पाहिलं नाही, तीच उभी राहिली. अर्ध्या तासात.

१३ मार्च
ऑपरेशन झालं. आत नेताना म्हणाले, “तू जेवन करी ले.” स्ट्रेचरवरून.

कंपवातामुळे भूल देणारे डॉक्टर काळजीत होते. साडेतीन तास. बाहेर शेजारच्या बाकावर धडगावकडचं कुटुंब, त्यांच्या आजोबांचं काहीतरी. त्यांनी भाकरी दिली. खाल्ली.

२५ मार्च
घरी. वॉकर. रमिला आता दोन्ही वेळ येते. ऑपरेशन, औषधं, खाटेची गादी, गाड्या. मुदतीतले अडीच उरले. तिप्पट किती, विचारलं नाही. तेजूनेही आकडा पाठवणं बंद केलंय.

५ एप्रिल
मोहनलालजी घरी आले. खापरहून, स्वतः, यांना बघायला. डाळिंबं आणली. यांच्याशी रस्त्यांच्या गप्पा. मग माझ्याकडे वळून खाणीची बातमी सांगितली.

खाणीने या वेळचा डिव्हिडंड रद्द केलाय. खनिजाचे भाव कोसळले. महागाई इथे किराण्यात तशीच, तिकडे खनिज मात्र स्वस्त. दोन्ही एकदम होऊ शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेअर तिसरा हिस्सा खाली.

म्हणाले, “मॅडम, तुम्ही त्यात किती टाकले?” पाच लाख म्हटलं. त्यांनी हातातला कप बशीत ठेवला. “सातातले पाच? मी तर एक लाख म्हटलं होतं.” मग, “चूक माझी पण. नऊ टक्के मी मोठ्या आवाजात बोललो. ते नऊ का होते, ते नाही बोललो.”

का होते ते आता त्यांनीच सांगितलं. भाव आधीच उतरत होता. डिव्हिडंड तोच, खालची किंमत लहान, म्हणून टक्का मोठा दिसत होता. अंश आणि छेद! सहावीचा धडा. छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा. मी, तीस वर्षं गणित शिकवणारी बाई, मोठ्या अपूर्णांकाकडे बघून भुलले आणि छेद का लहान झाला ते विचारलं नाही.

त्यांचेही आहेत त्यात. किती ते सांगितलं नाही.

८ एप्रिल
तेजूचा फोन. “आई, तीन नव्वद.” माझे. नऊ साठवरून. तिच्या मुद्दलातले माझ्याहून जास्त गेले, कारण तिने वरच्या भावाला घेतलेले.
“निखिल?”
“नाही सांगितलं.”
रडली. हे खाटेवरून, “पोरगी रडी ऱ्हायनी का?” मी नाही म्हटलं. “तिले म्हन, आधी नवराले सांग.” यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. कसं कळलं? मी रोज ओट्यावर फोन टेकवते आणि पोळ्या करपवते, तेवढ्यावरून कळतं का माणसाला? अडतीस वर्षं झाली लग्नाला. अजून मला यांचा अंदाज नाही.

१६ मे
आज एक विचित्र गोष्ट. बाजार परत आला. पूर्ण. फेब्रुवारीत जिथे होता, तिथेच, अगदी त्याच आकड्याला. बातम्यांत आनंदीआनंद. मी तेजूला फोन लावला, माझे नऊ साठ आले असणार!

सात ऐंशी.

“चूक असेल,” म्हटलं. चूक नव्हती.

जेवण झाकून ठेवलं आणि पाठकोरा कागद घेऊन बसले. बाजार शंभर. दहा टक्के पडला, नव्वद. आता शंभरला परत यायला नव्वदाचे अकरा पूर्णांक एक नवमांश टक्के चढावं लागेल. चढला. शंभर. ठीक.

तिप्पट शंभर. तीस टक्के पडला, सत्तर. आता अकराची तिप्पट, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश टक्के चढला. सत्तराचे तेहतीस टक्के म्हणजे तेवीस आणि थोडे. त्र्याण्णव.

त्र्याण्णव!

पुन्हा मांडलं. पुन्हा त्र्याण्णव. बाजार जिथून निघाला तिथे परत, आणि तिप्पट सात रुपये मागे. कुणी घेतले नाहीत. फी वेगळीच, ती यात धरलेलीही नाही. नुसत्या खाली-वर होण्यात गेले. जितका जास्त हेलकावा तितके जास्त जाणार. हेलकाव्याशिवाय सरळ चढला तर उलट तिप्पटीहून जास्त मिळणार, तोही हिशेब जुळला. तेजूने दाखवलेली ती भिंत अशी बनली होती.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी त्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. इतकं सुंदर आणि इतकं निष्ठुर. शेकडेवारी! आठवीचं पुस्तक, पान कुठलं तेही सांगेन. रोज तिप्पट म्हणजे वर्षाला तिप्पट नाही, हे या चार ओळींत होतं. आणि या चार ओळी मांडायला मला सात लाख आणि अकरा महिने लागले.

कागद यांना दाखवला. समजावून सांगितलं, सावकाश. ऐकून घेतलं. “मंग महागाईना उपाय काय?” म्हणाले.
त्याची ओळ माझ्या कागदावर नव्हती.

१८ मे
तेजूला कागदाचा फोटो पाठवला. दोन तासांनी उत्तर: “आई, हे फंडाच्या पत्रकात लिहिलं होतं. एका दिवसापुरतं उद्दिष्ट, जास्त काळ धरू नये. मी वाचलं होतं. मला वाटलं, ते घाबरवायला लिहितात.”

२ जून
वर्ष झालं.
किराण्याची यादी जुन्या वहीतल्या यादीशी ताडून पाहिली. तीच यादी, जास्त पैसे. महागाई कुठे गेली नाही. आपल्या चालीने येतेच आहे.

वैशालीला आज सगळं सांगितलं. फॉर्मवरच्या ‘भेट’सकट. ती रागावली नाही. म्हणाली, “बाई, शिकवणी घ्या ना. दहावीचं गणित. इथे कुणी नाही.” पाच मुली तर तिनेच सांगितल्या. सोमवारपासून अंगणात.

८ जून
शिकवणीचा पहिला दिवस. सात मुली आल्या. शेकडेवारीपासून सुरुवात केली. शंभराचं नव्वद झालं, परत शंभर व्हायला किती टक्के? सगळ्या एकसुरात: “दहा!” मी खडू खाली ठेवला. हे ओसरीतून, वॉकर धरून: “नही ना पोरीहो. अकरा!” मुली मागे वळून पाहायला लागल्या. मीही.

१३ जून
तेजूने निखिलला सांगितलं. काल. घराचं बुकिंग या महिनाअखेरीस, पैसे पाचवा हिस्सा कमी पडतायत. तो ओरडला नाही म्हणे. बाहेर जाऊन दोन तास चालून आला. आल्यावर एवढंच म्हणाला, “तुझ्या आईचेपण आहेत?”

त्याचा फोन येईल म्हणून आज दिवसभर फोन पदराशी. आला नाही.

१४ जून, रविवार
दोघांचा मिळून फोन आला, संध्याकाळी, तोंड दिसेल असा. तेजूचे डोळे सुजलेले. निखिलने हात जोडून नमस्कार केला. मी आधीच म्हटलं, “निखिल, मला फेब्रुवारीत माहीत होतं. मी गप्प बसले.” तो म्हणाला, “आई, ते नंतर. आता ठरवायचं काय ते बोलू.”

सगळं मांडलं त्याने. विकलं तर तेजूचा पाचवा हिस्सा गेला तो गेला, घर एक वर्ष पुढे, किंवा लहान घर. माझे सात ऐंशी म्हणजे वर्षभरात महागाई वजा जाता फारसं काही नाही, पण हातात. ठेवलं तर वाढेलही, बाजार सरळ चढला तर भरपूर. हेलकावत राहिला तर झिजेल. पडला तर पुन्हा तीन नव्वद. खाणीचंही तेच, पुन्हा डिव्हिडंड देईल किंवा नाही देणार. “मोहनलालजी काय म्हणतात?” थांबा म्हणतात, म्हटलं. त्यांना थांबता येतं. चाळीस वर्षं थांबलेत.

तेव्हा निखिल म्हणाला, “आई, मी एकच विचारतो. तुम्ही किती वर्षं थांबू शकता? आम्ही पस्तिशीतले. तुमचं वेगळं आहे.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि यांच्याकडे पाहिलं गेलं. नको होतं पाहायला. यांच्या लक्षात आलं. तेजूच्याही.

हे म्हणाले, “इकडे दे फोन.”

दोन्ही हातांनी धरला. कापत होता. पलीकडे त्या दोघांना पंखा दिसला असणार, मग माझा कान, मग भिंत, मग यांचा चेहरा. फोन स्थिरावेपर्यंत थांबले दोघं.

“जावईबापू,” म्हणाले, “मन्हा साठे थांबू नका. आन मन्हा साठे इकू बी नका. तुमनं घर देखा, हिनं मन देखा. मी शे तवलोंग शे.”

निखिल म्हणाला, “बाबा, तुम्हाला वगळून हिशेब होत नाही.”
“मंग माले धरीसन हिशेब चुकीना व्हई,” हे म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला. पाणी मागितलं.

उद्या सोमवार. तिकडचा बाजार उन्हाळ्यात इथल्या संध्याकाळी सातला उघडतो. तेजूने सांगितलं, दोन्ही हिशेब कागदावर करून पाठवते, आई, तू तपास, मग आपण तिघं मिळून ठरवू. यांना धरून चौघं, निखिल म्हणाला.

कागद अजून आलेला नाही. निखिलच्या प्रश्नाला मी उत्तर दिलेलं नाही.